पंचांची जांभई

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असा निरोप आला तेव्हाच ठरवलं, की चारही शब्द बाईंवर खर्च करायचे. कोणत्या बाई, हे सांगायला नको. आठवी ते दहावी ज्यांच्या इंग्रजीच्या वह्या त्या पेन्सिलीखालून गेल्या, त्यांना कळलंच असेल. प्रयोगशाळा, स्नेहसंमेलनं आणि निकालाच्या परंपरेवर इतर लिहितीलच.

माझी आठवण एका शब्दाची आहे. आठवीत असताना जिन्याखालच्या भित्तिपत्रकासाठी क्रिकेटच्या आंतरवर्गीय सामन्याचा इंग्रजी वृत्तांत मी लिहिला होता. पंच होते खेळाचे सर, तेच आमचे वर्गशिक्षकही. तरी त्यांनी आमच्याच कप्तानाला पायचीत दिलं आणि आम्ही हरलो. हरल्याचं दुःख बाजूला ठेवून सरांच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक करावं, असं माझ्या उदार मनात आलं. इंटरेस्ट म्हणजे हितसंबंध हे ठाऊक होतं. त्याच्यामागे ‘अन’ लावला आणि वाक्य ठोकून दिलं: ‘दि अंपायर वॉज टोटली अनइंटरेस्टेड.’

कच्चा कागद परत आला तेव्हा त्या शब्दाभोवती पेन्सिलीचं गोल होतं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सर जांभया देत होते का?’

मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर ‘इंटरेस्ट’ लिहिलं आणि मराठीत याला किती शब्द म्हणून विचारलं. रस, हित, व्याज असे तीन निघाले. “व्याज गणिताच्या सरांकडे पाठवू,” बाई म्हणाल्या. “उरले दोन. ज्याला खेळात रसच नाही, तो अनइंटरेस्टेड. कोणीही जिंकलं तरी ज्याचं हित साधत नाही की बिघडत नाही, तो डिसइंटरेस्टेड. पंच दुसरा हवा. पहिला असला तर चेंडू कुठे गेला हे तुम्हालाच त्याला सांगावं लागेल.” वर्ग हसला, मीही हसलो. पण भित्तिपत्रक लागेपर्यंत मी खेळाच्या सरांच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही.

बाईंची रीतच अशी. इंग्रजी शब्दांतला फरक त्या मराठीच्या बाजूने दाखवत. आपली सावली एकच. इंग्रजीत झाडाखाली बसता ती शेड, उन्हात तुमच्यामागे येते ती शॅडो. आपण उसनं देतो आणि उसनं घेतो. तिकडे देणाऱ्याचं लेंड, घेणाऱ्याचं बॉरो. ‘पेन लेंड करू का?’ असं विचारणाऱ्याला बाई हात पुढे करून “कर की” म्हणत. ऐकणं म्हणजे हिअर की लिसन, यावर तर एक अख्खा तास गेला. शेवटी बाईच म्हणाल्या, की तुम्ही सगळे हिअर करता, लिसन कोणी करत नाही.

नववीत कोणीतरी विचारलं, इंग्रजांना एकाच गोष्टीला इतके शब्द लागतात कशाला? बाई खूश झाल्या, धडा राहिला बाजूला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. राजा आणि दरबार फ्रेंच बोलू लागले, सामान्य माणसं आपली जुनी इंग्रजीच बोलत राहिली, आणि पंडितांची भाषा होती लॅटिन. म्हणून आस्क हा घरचा, क्वेश्चन फ्रेंचांकडून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. तिघांचा अर्थ विचारणंच, पण आई आस्क करते आणि पोलीस इंटरॉगेट करतात. आपल्याकडेही मदत फारसी वाटेने आली आणि साहाय्य संस्कृतातून. पाय घसरून पडलेला माणूस ‘साहाय्य करा’ असं ओरडत नाही, हे बाईंनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की हसावं की नाही ते कळेना.

आज मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं तपासतो. हाताखाली सहाजण आहेत, आणि कागदावर पेन्सिलीने गोल करायची माझी खोड त्यांना चांगली माहीत आहे. आमच्या कामात सर्वांत जास्त छळणारा मराठी शब्द म्हणजे धोका. इंग्रजीत हॅझर्ड वेगळा, रिस्क वेगळी. जमिनीवर सांडलेलं तेल हा हॅझर्ड. त्यावरून कोणी घसरण्याची शक्यता किती आणि घसरलं तर लागेल किती, ही झाली रिस्क. तेल पुसलं की हॅझर्ड जातो, नुसती दोरी बांधून वाट अडवली तर रिस्क कमी होते. दोन्हीकडे ‘धोका’ लिहिलं तर वाचणाऱ्याने पुसायचं की दोरी बांधायची? फ्लॅमेबल आणि इनफ्लॅमेबल यांचं उलटं. दिसतात विरुद्ध, पण अर्थ एकच, पेट घेणारं. ‘इन’ पाहून एका नवशिक्याने ‘न पेटणारे’ असं भाषांतर केलं होतं. छपाईआधी सापडलं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

हल्ली संगणकावर शब्द निवडला की समानार्थी शब्दांची यादी समोर येते. दहा शब्द एका रांगेत, जणू कुठलाही उचला. मुलं उचलतातही. मागे शाळेत आलो तेव्हा ग्रंथालयातलं ते कोपऱ्यातलं कपाट दिसलं नाही, जाड शब्दकोशाचं. विचारायचंही राहून गेलं.

त्याहून मोठ्या कोशात मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एक गंमत सापडली. सतराव्या शतकात अनइंटरेस्टेडचा अर्थ होता निःपक्षपाती, आणि डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही तो. पुढे दोघांनी जागा बदलल्या. म्हणजे माझं वाक्य बरोबर होतं! त्याच रात्री बाईंना दोन पानी पत्र लिहिलं, पुराव्यासकट.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. पेन्सिलीनेच लिहिलेलं, एकच ओळ: ‘तू सतराव्या शतकात नव्हतास, आठवी ब मध्ये होतास.’