दाण्यांचं भांडं, बियांचं भांडं

लेकीच्या डब्यातले दोन लाडू झिपच्या पिशवीत बंद होऊन परत आले. सोबत छापील चिठ्ठी होती: आमचा वर्ग नट-फ्री आहे, शेंगदाणे किंवा सुका मेवा घातलेला खाऊ कृपया पाठवू नये. लाडू दाण्याचे होते. दाणे रविवारी मीच भाजले, सोलले, पाखडले आणि गूळ घालून लाडू वळले. पिशवीवर बाईंनी मार्करने लेकीचं नाव आणि तारीख घातली होती, जप्त केलेल्या मालावर घालतात तशी. लेक चार वर्षांची आहे. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "बाबा, आपला लाडू खराब आहे का?"

त्या प्रश्नाने मला जे झालं, ते इथे लिहिल्याशिवाय जाणार नाही.

मी सोलापूरचा. आमच्या घरी दाण्याचा कूट डब्यात नसेल तर आई शेजारून वाटीभर आणते, पण त्याच्याशिवाय स्वयंपाकाला हात घालत नाही. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, खिचडीत तर अर्धा कूटच. आणि कडक भाकरीबरोबर ती चटणी, जी दाणे कुटत कुटत तेल सुटेपर्यंत उखळात घालायची, मग मूठ वळली की बोटांच्या खुणा तशाच राहतात. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या आमच्या घरी रोज काही ना काही दाण्याचं होतंच. ते मुलीच्या वर्गात विषासारखं पिशवीत बांधलं जावं, याचा मला भयंकर राग आला. आणि रागावलेला माणूस करतो तेच मी केलं: रात्री जागून वाचत बसलो, आपण बरोबर आहोत याचा पुरावा शोधत.

पुरावा मिळालाही. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितलं होतं की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी एक पाहणी प्रसिद्ध झाली: इंग्लंडमधल्या ज्यू मुलांमध्ये दाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा सुमारे दहापट. इस्रायलमध्ये बाळांना दात यायच्या सुमारासच बांबा नावाचे दाण्याचे कुरमुऱ्यासारखे हलके पफ चघळायला देतात. मग लंडनमध्ये ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेऊन प्रयोग झाला. ही सगळी धोका जास्त असलेली बाळं होती. निम्म्यांना लहानपणापासून दाणा दिला, निम्म्यांना टाळायला लावला. निकाल २०१५ साली आला. सुरुवातीच्या त्वचेच्या तपासणीत ज्यांच्यात काही निघालं नव्हतं, त्यांच्यापैकी टाळणाऱ्यांत पाच वर्षांच्या वयात १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली होती, खाणाऱ्यांत १.९ टक्के. २०१७ पासून अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनाच उलट्या झाल्या. धोका असलेल्या बाळांना दाणा लवकर द्या, डॉक्टरांना विचारून द्या.

म्हणजे आमच्या आज्यांनी बाळाच्या जिभेवर दाण्याच्या कुटाचं बोट टेकवलं ते ठीकच होतं! मी हे बायकोला रात्री साडेबाराला उठवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "असेल. पण ज्या मुलाला ॲलर्जी आहे, त्याला आता या आकड्यांचा काय उपयोग?" आणि कूस बदलून झोपली. मला त्यावर उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आणखी अर्धा तास तिळाबद्दल वाचलं. तीळही १ जानेवारी २०२३ पासून इथल्या कायद्याच्या यादीतली नववी मोठी ॲलर्जी आहे. संक्रांतीचा तिळगूळ वर्गात वाटायचा माझा बेत तिथेच संपला.

आता ज्या पदार्थासाठी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो.

इथून वीस-पंचवीस मिनिटांवर बाल्बोआ बेट आहे, न्यूपोर्ट बीचच्या खाडीत. तीन गाड्या मावतील एवढ्या छोट्या फेरीने पलीकडे जायचं. तिथे गोठवलेली केळी मिळतात: अख्खं केळं काडीला टोचून गोठवलेलं, पातळ चॉकलेटमध्ये बुडवून दाण्याच्या भरड्यात लोळवलेलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी ते पहिल्यांदा खाल्लं. डोळ्यांपुढे सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन, घंटी वाजवत येणारी गारेगारची गाडी आणि पुठ्ठ्याने वारा घेत ओट्यावर बसलेली आजी आली. चव निराळी होती, पण केळं आणि दाणा एकत्र म्हणजे आमच्या घरी एकादशीचं ताट. तेव्हापासून मी घरी करतो. ओव्हन नको, गॅससुद्धा नावापुरताच.

आधी दाण्याचं लोणी. विकतचं आणलं तरी हरकत नाही. इथे पीनट बटर म्हणून विकायचं तर त्यात किमान ९० टक्के शेंगदाणे असावेच लागतात, तसा सरकारी नियम आहे, आणि या नियमाचं मला मनापासून कौतुक आहे. पण घरचं ते घरचं. दोन वाट्या दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, गार करून सालं काढायची आणि मिक्सरला लावायचे. पहिल्या मिनिटात कूट होतो. आपण सगळे इथे थांबतो. थांबायचं नाही. मिक्सर थोडा गार होऊ द्यायचा, कडेचा कूट चमच्याने खाली ढकलायचा, पुन्हा फिरवायचा. कुटाचा गोळा होतो, मग गोळा सैल पडतो, तेल सुटतं आणि तो चकाकायला लागतो. सोलापूरची चटणी उखळात नेमकी याच वाटेने जाते, फक्त तिथे तिखट-लसूण असतो. पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा मी मिक्सर बंद करून आईला फोन लावला होता. गोडीसाठी थोडी गुळाची पावडर. पाक किंवा मध नको. पातळ गोड पडलं की लोणी घट्ट होऊन बसतं.

केळी ठिपके पडलेली पण हाताला घट्ट लागणारी. पार पिकलेली घेतलीत तर चकत्या करतानाच लगदा होतो. तीन केळ्यांच्या बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या, दोन चकत्यांमध्ये अर्धा चमचा लोणी, आणि बटर पेपर घातलेल्या ताटात एकमेकींना न चिकटतील अशा मांडून फ्रीझरमध्ये तासभर. बटर पेपर विसरू नका, नाहीतर ताट आणि केळं वेगळं करताना नाकी नऊ येतात. तोवर एक वाटी डार्क चॉकलेटचे तुकडे आणि चमचाभर खोबरेल गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात विरघळवायचे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे गोठलेल्या केळ्यावर हे मिश्रण पडलं की बघता बघता कवच धरतं. अर्धवट बुडवायचं, वर भरड कूट आणि मिठाचे दोन-चार खडे, पुन्हा अर्धा तास फ्रीझर. खाण्याआधी पाच मिनिटं बाहेर काढून ठेवायचं. केळ्यात साखर भरपूर, म्हणून ते बर्फासारखं टणक होत नाही, आतून कुल्फीसारखं लागतं. मुलं खाताना बघा एकदा.

केळ्याऐवजी मेडजूल खजूरही छान होतो. बी काढून त्या जागी लोणी भरायचं आणि वरून चॉकलेट. हा खजूर आमच्या जवळच्या कोचेला खोऱ्यात पिकतो. १९२७ साली मोरोक्कोतून ११ रोपं आणली, त्यातल्या जगलेल्या नऊ रोपांपासून इथली मेडजूल झाडं वाढली. इथे राहून मला ज्या थोड्या गोष्टी आपल्यापेक्षा सरस वाटतात त्यात हा खजूर येतो. केळी मात्र नाहीत. इथे दुकानात एकच जात, वर्षभर, एकाच मापाची. वेलची नाही, राजेळी नाही, वसईची सुकेळी तर सांगून कोणाला समजणारही नाहीत.

तर, चिठ्ठी आली त्याच आठवड्यात लेकीचा वर्गमित्र आमच्याकडे खेळायला यायचा होता. मी मुद्दाम ही केळी करून ठेवली होती, दाण्याची नव्हे. दुकानातून सूर्यफुलाच्या बिया आणल्या आणि त्याच मिक्सरमध्ये त्यांचं लोणी केलं. मनात थोडा तोराही होता, की बघा, तुमचा नियम पाळूनही मी किती चांगलं करतो. मुलाची आई दारात उभी राहिली, मी ताट पुढे केलं. तिने ताटाकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "हे ज्या भांड्यात केलं, त्यात शेंगदाणे वाटले होते का?"

मी म्हटलं, भांडं धुतलं आहे. ती म्हणाली, "मग नको. माफ करा."

मला पुन्हा तोच राग आला. आमच्या घरात, आमच्या भांड्यावर शंका! आपल्याकडे पाहुण्यापुढे केलेलं ताट परत जात नाही. पण तिने खांद्यावरची लहान थैली उघडून मला दाखवली. आत एपिनेफ्रिनची, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका आला तर लगेच टोचायच्या औषधाची, दोन पेनं होती. मुलगा दीड वर्षाचा असताना कुणीतरी प्रेमाने दिलेलं बिस्कीट त्याने अर्धं खाल्लं, ओठ सुजले, आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. रुग्णवाहिका यायला लागलेली सात मिनिटं ती सांगत होती तेव्हा तिचा हात थैलीच्या चेनवर होता. ती चेन ती सारखी उघडत होती आणि लावत होती. मग तिने सरावाचं पेन काढून मला शिकवलं: निळं टोपण ओढायचं, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, कपड्यावरून चालतं, तीन सेकंद धरायचं आणि लगेच ९११ ला फोन. मी दोनदा करून दाखवलं. मग ती मुलाला ठेवून गेली. जाताना ती पेनं माझ्या हातात देऊन गेली.

मी ती दुपारभर खिशात ठेवली होती. मुलांनी द्राक्षं खाल्ली.

संध्याकाळी मिक्सरचं भांडं उजेडात धरलं. हा मिक्सर आईने दिलेला, जड ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. पात्याखालच्या रबरी चकतीच्या खाचेत तपकिरी कूट बसलेला होता. टाचणीने काढला तर निघाला, किती दिवसांचा होता देव जाणे. त्या शनिवारी आर्टेशियाला गेलो. तिथे पायोनियर बुलेव्हार्डवरच्या भारतीय दुकानांत त्याच मापाचं दुसरं भांडं मिळालं. एकावर मी 'दाणे' लिहिलं, दुसऱ्यावर 'बिया'. खलबत्ता, चाळणी, उलथणंही वेगळं केलं. बायको म्हणाली, एवढं सोवळं तर तुझ्या आजीनेही पाळलं नसेल. पाळलं असतं. घरात कुणाच्या जिवाशी गाठ आहे म्हटल्यावर आजीने अख्खी मांडणी बदलली असती.

बियांच्या लोण्याबद्दल थोडं. बियांना दाण्याएवढं तेल लवकर सुटत नाही, चमचाभर तेल घालावं लागतं, वेळ दुप्पट लागतो. रंग राखाडी येतो, मागे किंचित कडवट चव राहते, ती गुळाने झाकते. बेकिंग सोडा घालून भाजलं तर या बियांचा केक आतून हिरवा होतो, कारण त्यातलं एक द्रव्य सोड्याशी रंग बदलतं. आपल्या पदार्थात सोडाच नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. दाण्याची सर येते का? नाही येत. हे मी इथल्या कुणालाही तोंडावर सांगेन.

आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "त्या पोराला आयुष्यभर दाणा नाही?" मी म्हटलं, आत्ता तरी नाही. "मग उपवासाला खातं काय ते?" तिच्या दृष्टीने खरी अडचण ती होती. मी विचारलं, सूर्यफुलाच्या बिया उपवासाला चालतात का? ती म्हणाली, "शेंगदाणा तरी कुठं आपला होता रं, चालतंयच की." तिला हे कुठून ठाऊक, कुणास ठाऊक, पण बरोबर आहे. भुईमूग, बटाटा, ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, सगळं दक्षिण अमेरिकेतून आलेलं. केळं मात्र आपल्या बाजूचं, आशियातलं, आणि ते इथवर आलं.

पुढच्या शुक्रवारी तो मुलगा पुन्हा आला. नव्या भांड्यातल्या लोण्याची केळी होती. त्याच्या आईने बियांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली, भांडं पाहिलं, एक चकती आधी स्वतः खाल्ली, मग त्याला दिली. तो पाच खाऊन थांबला. लेकीने त्याला सांगितलं की याला गारेगार म्हणतात. तो 'गालेगाल' म्हणतो.

दाण्याची केळी आता वेगळ्या डब्यात, फ्रीझरच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असतात. लेक झोपल्यावर मी त्यातली दोन काढतो. डिसेंबरमध्ये आई येणार आहे. चटणी दोन किलो आणते म्हणाली. मी सांगितलं, दुहेरी पिशवीत बांध आणि वर मोठ्या अक्षरांत नाव लिही. वरच्या कप्प्यात तिची जागा मोकळी करून ठेवली आहे.