मुळातलं झाड

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रोपं डोंगरावर जायची होती आणि आमच्या रोपवाटिकेतली जांभळं वीतभरही झाली नव्हती. पानं निस्तेज, खोडात जोर नाही. आदल्या वर्षी मर रोगाने निम्मी रोपं गेली होती, म्हणून यंदा मी पिशव्यांत भरायची लाल माती फॉर्मालिनने निर्जंतुक करून घेतली. मर आली नाही, पण रोपं वाढेनात. दोनदा डीएपी, म्हणजे नत्र आणि फॉस्फरसचं खत, दिलं. फरक शून्य.

फक्त कडेची एक रांग गुडघ्याला लागत होती. बी तेच, पाणी तेच. पिशव्या भरणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या आधी बिचकल्याच. मग म्हणाल्या, "मातीला वासच येईना, साहेब. म्हून आमच्या बांधावरल्या जांभळाखालची मूठ मूठ घातली."

दोन्हीकडची बारीक मुळं घेऊन मी तालुक्याच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून पारदर्शक केली, ट्रिपॅन ब्लूने रंगवली. माझ्या रोपांची मुळं सूक्ष्मदर्शकाखाली कोरी. मावशींच्या रोपाच्या मुळात निळे धागे शिरलेले, आणि एकेका पेशीत फांद्यांना फांद्या फुटून झालेलं इवलंसं झाड! मी कितीतरी वेळ डोळा काढला नाही.

ही मायकोरायझा, म्हणजे मुळांत राहून रोपाला पोसणारी बुरशी. माझ्या फॉर्मालिनने मरबरोबर तीही मेली होती. फॉस्फरस मातीत फारसा हलत नाही, आमच्या लाल मातीतलं लोह तर त्याला धरूनच ठेवतं. मुळाजवळचा संपला की रोप उपाशी. मुळाला शिरता येणार नाही अशा फटींतून हे धागे लांबवर जातात, फॉस्फरस आणून त्या निळ्या झाडापाशी पेशीला देतात आणि बदल्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ घेतात. स्कॉटलंडमधल्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ही नक्षी सापडली आहे, तीही खरी मुळं नसलेल्या वनस्पतींत. बुरशी दिसली की औषध मारायचं, एवढंच मी इतकी वर्षं करत आलो, याचं फार वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी मावशींच्या बांधावर गेलो. पाचोळा सारून बारीक मुळांसकट चार घमेली माती घेतली आणि प्रत्येक पिशवीत भोक पाडून मुळांशी घातली. त्या पावसाळ्यातली लागवड हुकली. रोपं पुढच्या जूनमध्ये डोंगरावर गेली, कमरेएवढी होऊन.