भोकाचा पैसा आणि आठ वाजताचं ऊन

कागददुरुस्तीला येणाऱ्या वह्या बहुधा कसरीने खाल्लेल्या असतात. ही गंजाने सुटलेली होती. नारायण पेठेतल्या एका घरातून नात आजोबांची कॉलेजची वही घेऊन आली. १९४२ ते ४४ ते पुण्यात वसतिगृहात राहून शिकत होते. काठाला ठोकलेले तारेचे टाके गंजून तुटलेले, पानं सुटी, आणि घरच्यांनी ती अंदाजाने लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. जुलैच्या दमट हवेत ही पिशवी म्हणजे बुरशीची सोयच.

"तारखा चार-पाच पानांवरच आहेत. क्रम तुम्हीच लावा," ती म्हणाली.

सुरुवातीची पानं जाड, आखलेली. पुढे कागद पातळ आणि तपकिरी होत जातो. शेवटची काही पानं तर छापील प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू, वर मुंबई विद्यापीठाचं नाव. पुणे विद्यापीठ १९४९ चं, त्यामुळे ते बरोबरच होतं. युद्धात कागदाची टंचाई होती आणि मिळेल तो कागद लाकडाच्या कच्च्या लगद्याचा. लगद्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ, उजेडाने आणि हवेने तपकिरी पडतं, आम्ल वाढतं, मग कोपरा दोनदा दुमडला की तुटतो.

खरी अडचण लिखाणाची होती. शाईऐवजी कॉपिंग पेन्सिल वापरलेली. ती कोरडी असताना साध्या शिशासारखी करडी दिसते, पाण्याचा थेंब लागला की जांभळी फुटते, कारण शिशात अ‍ॅनिलीन रंग मिसळलेला असतो. म्हणून आधी चाचणी: एका अक्षराच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं पाणी लावायचं आणि टीपकागदाचा तुकडा दाबायचा. जांभळा डाग उमटला. अल्कोहोलनेही उमटला, म्हणजे अल्कोहोलमधला डिंकही बाद. आम्ल काढण्यासाठी पान पाण्यात बुडवण्याचा प्रश्नच नव्हता. मऊ ब्रशने धूळ झाडली आणि अक्षरं टाळून रबराच्या चुऱ्याने कडा पुसल्या, एवढंच.

फाटलेल्या कडांना लांब तंतूंच्या पातळ, चिवट जपानी कागदाचं ठिगळ, तेही फक्त कोऱ्या समासात. हा कागद कात्रीने कापायचा नाही. ओली रेघ ओढून फाडायचा, म्हणजे तंतू मोकळे राहतात आणि जोड उठून दिसत नाही. गव्हाच्या स्टार्चची खळ एक भागाला पाच भाग पाणी घालून अर्धा तास ढवळत शिजवली, गार करून गाळली. कागदाच्या पट्टीला खळ लावल्यावर ती पट्टी आधी टीपकागदावर टेकवून जवळजवळ कोरडी केली. खळ सैल राहिली की ओल सरकत अक्षरापर्यंत जाते. मग वर वजन, अर्धा तास.

क्रम लावताना गंज कामी आला. छिद्राभोवतीचा डाग शेजारच्या पानावर उतरतो आणि पानागणिक फिका होतो. त्या हिशेबाने सगळं लागत होतं, एका पानाशिवाय. "सव्वासातला कंदील लावून वाचायला बसलो. आठ वाजून गेले तरी ऊन नाही." घरच्यांनी ते पावसाळ्यात घातलं होतं. पण जुलैत सव्वासातला पुण्यात कंदील कशाला लागेल?

१ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. पुण्यात जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तेव्हाच्या घड्याळात आठला. पान हिवाळ्याचं निघालं. त्याच्याच समासात पेन्सिल घासून उठवलेला भोकाचा पैसा होता. ते नाणं १९४३ ते ४७ मधलं, म्हणजे पान १९४३ च्या आधीचं नाही. तेवढ्याने वर्ष ठरत नाही. पण गंजाचा डाग जुळला तो "शिवरात्र, उपास. कस्तुरबा गेल्या" या पानाशी. आगाखान पॅलेसमधली ती घटना २२ फेब्रुवारी १९४४ ची. कंदिलाचं पान त्याच्या लगेच आधी, म्हणजे १९४३-४४ चा हिवाळा.

जुन्याच छिद्रांतून शिवलं असतं तर वही उघडताना ठिसूळ पानं काठाशी तुटली असती. म्हणून प्रत्येक पानाला एक सेंटिमीटरची पट्टी जोडून शिवण त्या पट्टीतून घातली. मेसच्या हिशेबाची दोन पानं, आणे-पै मांडलेली, कुठेच बसली नाहीत. ती न शिवता वेगळ्या पाकिटात घालून वहीच्या मागे ठेवली.