नदीकाठाने खाली शहरापर्यंत, दगडावरचा बुळबुळीत थर बघत

नदीच्या वरच्या अंगाला पाणी एकदम नितळ, तळातला गोटा न गोटा दिसतो, पण पाय टाकला की सर्रकन घसरतो. आपण त्याला शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण मी यावेळी भिंग घेऊनच गेलेलो, त्यामुळे पाण्यात उकिडवा बसून नीट बघितलं. गोट्यावर तपकिरी-सोनेरी बुळबुळीत थर, आणि ऊन पडल्यावर त्याला चिकटलेले ऑक्सिजनचे बारीक बारीक बुडबुडे. हाच बायोफिल्म. जिवाणू, डायटम म्हणजे काचेसारख्या कवचातलं एकपेशीय शेवाळ, निळं-हिरवं शेवाळ, बुरशी सगळे स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात एकत्र राहतात. तपकिरी रंग डायटमचा. गोटा उलटा केला तर खाली मेफ्लाय नावाच्या किड्याची चपटी पिल्लं, ती हा थर खरवडून खातात, त्यांना मासे खातात, म्हणजे उथळ नदीतलं बरंचसं पोट या थरावरच भरतं.

पण मला खरं भारी वाटतं ते याचं सफाईचं काम. वरून वाहणाऱ्या पाण्यातला सेंद्रिय कचरा हे जिवाणू खातात, थराच्या वरच्या भागात ऑक्सिजन असतो तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं, आणि जरा खाली जिथे ऑक्सिजन पोचतच नाही तिथे दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात, एवढं सगळं मिलिमीटरभर जाडीत! १८९२ ला जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं गेली, तिथे एल्बे नदीचं पाणी न गाळता नळाला येत होतं. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं पाणी, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, घेत होतं, पण वाळूच्या गाळणीतून, आणि ते बरंचसं वाचलं. त्या वाळूवर साचणारा चिकट थरही असाच जिवंत असतो.

शहर लागलं आणि चित्रच बदललं. दोन्ही काठ आणि तळ काँक्रीटचा, पाणी नुसतं पळतंय, थराला धरायला गोटे नाहीत की वाळू नाही. नाला मिळतो तिथे करड्या-पांढऱ्या झुपक्यांच्या शेपट्या पाण्यात हलत होत्या, बुरशी वाटते पण मुख्यतः स्फेरोटिलस नावाचे जिवाणू, मैलापाण्यावर माजतात आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. थर वाईट नसतो हो, आपण त्याला जे खायला घालतो तसा तो होतो. सुशोभीकरण म्हणून नदीचा तळ बांधून काढणं मला तरी अजिबात पटत नाही.

बरंच खाली काँक्रीट संपून खडी लागली, पाणी खळाळायला लागलं, आणि दगडांवर परत तपकिरी झाक दिसली. बरेच गोटे उलटून बघितले, गोगलगायी होत्या, लाल अळ्या भरपूर होत्या, मेफ्लाय मात्र एकही नाही, त्यांना लागतो तेवढा ऑक्सिजन अजून पाण्यात परत आलेला नसावा.