स्क्रूड्रायव्हर हाताशी नसताना

आज डाळीचा कुकर उतरवताना त्याची मूठ हलू लागली आणि घरातला स्क्रूड्रायव्हर नेमका शेजारी गेलेला होता. स्क्रू सरळ खाचेचा असल्याने रुपयाचे नाणे त्यात नीट बसले. परंतु नुसत्या बोटांनी पुरेसा जोर येईना, म्हणून ते नाणे सांडशीत घट्ट धरले आणि सांडशीच्या लांब दांड्यांमुळे तरफ मिळून शेवटचा पीळ सहज बसला. सुरीचे टोक मी मुद्दाम टाळले, कारण सुरीचे कठीण पाते कापण्यासाठी घडवलेले असते, पीळ सोसण्यासाठी नव्हे. ते मोडते, नाहीतर घसरून थेट तळहातात शिरते.

मग कॅलेंडरचा खिळाही ठोकून घेतला. हातोडीच्या जागी खलबत्त्यातला पितळी बत्ता चांगला चालतो (पाट्याचा वरवंटा नको, त्याचे टवके उडतात), आणि खिळा कंगव्याच्या दातांत अडकवून धरला की बोटे सुरक्षित राहतात.

विजेच्या बटणांच्या स्क्रूला मात्र मी नाणे कधीच लावणार नाही. प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर परत येईपर्यंत थांबणे आणि मग मुख्य स्विच बंद करूनच ते काम करणे योग्य.