आमची वाटचाल : सातपूरच्या गाळ्यात फ्लो सायटोमेट्री

नाशिकच्या संशोधक विद्यार्थ्यांचे रक्ताचे नमुने पूर्वी कसारा घाट उतरून मुंबईला जायचे, नाहीतर पुण्याला. पांढऱ्या पेशी तपासायच्या तर रक्त तापायला नको आणि बर्फातही नको. उन्हाळ्यातल्या त्या प्रवासात हे सांभाळणं अवघड. म्हणून सातपूरला एक गाळा घेतला आणि वापरलेलं पण नीट दुरुस्त केलेलं फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणारं यंत्र, आणलं. एसी, यूपीएस, बँकेचे हप्ते हे सगळं ओघानं आलंच.

या यंत्रात पेशी द्रवाच्या बारीक धारेतून एकामागून एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारोंनी. सरळ पुढे गेलेल्या प्रकाशावरून पेशीच्या आकाराचा अंदाज येतो, बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून आत किती कण आहेत ते कळतं. पांढरी पेशी सीडी४ प्रकारची की सीडी८ (ही पेशीवरच्या प्रथिनांची नावं) हे मात्र चकाकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडीमुळे ओळखू येतं.

खरं काम नमुना यंत्राला लावण्याआधीचं आहे. ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरवर एफआयटीसी हा रंग हिरवा चमकतो, पण त्याचा थोडा प्रकाश शेजारच्या चॅनेलमध्येही, म्हणजे पीई या दुसऱ्या रंगाचा प्रकाश मोजला जातो तिथेही, सांडतो. ती गळती वजा करायला प्रत्येक रंगाची वेगळी नळी लागते. मेलेल्या पेशींना अँटिबॉडी उगाचच चिकटतात, म्हणून ७-एएडीसारखा रंग घालून त्या बाजूला काढाव्या लागतात. तुलनेसाठीचे असे नमुने, म्हणजे कंट्रोल, नसतील तर आम्ही नमुना चालवत नाही. यामुळे काही कामं हातची गेली, तरी नियम सैल केला नाही. कुणाची तरी पीएचडी त्या आकड्यांवर उभी असते.

पुढे वायनरीवाले आले, हे नाशिकलाच शोभणारं! किण्वन मंदावलं की यीस्ट किती जिवंत आहे ते त्यांना हवं असतं. आवरण फाटलेल्या, म्हणजे मेलेल्या पेशीतच प्रोपिडियम आयोडाइड हा रंग शिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली काहीशे पेशी मोजून होतात, इथे काही मिनिटांत दहा हजारांवर.

रिपोर्टबरोबर मूळ एफसीएस फाइलही, म्हणजे यंत्राची कच्ची नोंद, आम्ही देतो. गेट, म्हणजे हव्या त्या पेशी वेगळ्या काढणारी सीमा, कुठे आखायचं हे विद्यार्थ्यानं शेजारी बसून शिकावं, असा आमचा आग्रह असतो.

आता ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर बसवतो आहोत. पॅनेल, म्हणजे एका नमुन्यात एकत्र वापरायच्या रंगीत अँटिबॉडींचा संच, ठरवणाऱ्यांनी अँटिबॉडी मागवण्याआधी एकदा येऊन बोलावं. कुठला रंग कुठल्या मार्करला, म्हणजे पेशीच्या ओळखखुणेला, लावायचा, ते बसून ठरवू.