काटा आत, हवाही आत

मोर्शी-वरूडकडच्या पांदणींत सायकल घालायची तर काट्यांचे हंगाम पाठ पाहिजेत. चैत्र-वैशाखात संत्र्याच्या बागांभोवती नवी कुपाटी, म्हणजे काट्यांचं कुंपण, घालायचं काम निघतं. बाभळीच्या फांद्या तोडायच्या, बैलबंडीवर रचायच्या, धुऱ्यापर्यंत न्यायच्या. वाटेत जे सांडेल ते पांदणीचं. वाळलेला बाभळीचा काटा पांढरा, ताठ आणि जोडीनं येणारा, त्यामुळे एक जमिनीला टेकला तरी दुसरा वर बघतोच. पाऊस ओसरला की सराट्याची पाळी. जमिनीसरपट पसरतो, पिवळी नाजूक फुलं दाखवतो, आणि फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. तुकडा कसाही पडो, एखादं टोक आभाळाकडं राहतंच. उरलेल्या दिवसांत बोर, हिवर आणि वेडी बाभूळ आहेतच. आषाढ-श्रावणात तेवढी सुटका, कारण तेव्हा काळ्या मातीचा चिखल चाकच फिरू देत नाही.

अशा मुलखात मी माउंटन बाइक चालवतो. गावात तिला गेअरची सायकल म्हणतात, आणि किंमत सांगितली की "तेवढ्यात जुनी मोटरसायकल आली असती ना बापा" हे ठरलेलं. खरंच आली असती. पण सालबर्डीच्या बाजूला टेकड्यांवर गुरांच्या पायवाटा आहेत, त्या मला मोटरसायकलनं चढता येत नाहीत. आणि भल्या पहाटे सातपुड्याच्या पायथ्याशी इंजिन घुमवत जायची हौसही नाही.

ट्यूबचे टायर होते तेव्हा सायकल जितका वेळ माझ्या मांडीखाली असे, जवळजवळ तितकाच वेळ रस्त्याच्या कडेला उलटी असे. त्यातही एकच भोक निघालं तर नशीब. सराट्याच्या पट्ट्यातून गेल्यावर ट्यूब पाण्यात बुडवावी तर तीन-चार ठिकाणी बुडबुडे, आणि सोल्युशनची ट्यूब नेमकी वाळून खडखडीत.

तसं पाहिलं तर हवेचा टायर जन्मला तेव्हापासून सगळी धडपड पंक्चरशीच चालू आहे. बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत, म्हणजे पंक्चर काढायचं तर आधी चिकटलेला टायर सोलायचा आणि मग पुन्हा डिंक सुकायची वाट बघत बसायचं. १८९१ मध्ये फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला आणि कुठल्याही कोपऱ्यावर पंक्चर निघायला लागलं. पुढं १९९९ मध्ये मॅविक या रिमवाल्या कंपनीनं हचिन्सन आणि याच मिशेलिनला सोबत घेऊन माउंटन बाइकसाठी ट्यूबशिवायची पद्धत बाजारात आणली. शंभर वर्षांनी का होईना, ट्यूबच काढून टाकली.

आमच्या बसस्टँडजवळचे पंक्चरवाले काका हे ऐकून मुळीच भारावले नाहीत. मी चाक घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ते हातात फिरवून बघितलं.

"यात ट्यूबच नाही म्हनता? मंग हवा कायच्यात रायते?"

"टायरातच, काका."

"मोटरसायकलचं समजलं मले. तिची रिम ओतीव रायते, अख्खी. हिले तं आऱ्यायची भोकं हायेत. हवा ठरन कशी?"

मुद्दा बिनतोड होता. माउंटन बाइकच्या रिमला अठ्ठावीस नाहीतर बत्तीस आऱ्या, म्हणजे तितकीच भोकं, आणि व्हॉल्व्हचं एक वेगळं. ट्यूबलेसचा सगळा डोलारा इथंच उभा राहतो किंवा कोसळतो. रिम आतून स्पिरिटनं पुसून घ्यायची आणि तिच्यावर हवाबंद टेप ताणून, एकही सुरकुती न ठेवता फिरवायची. टेपची रुंदी रिमच्या आतल्या मापाला जुळली पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर कमी पडली तर कडेनं हवा शोधून शोधून बाहेर येते. मग रबरी बुडाचा व्हॉल्व्ह बसवायचा, टायर चढवायचा आणि कडांना साबणाचं पाणी लावायचं.

पुढचं काम पायपंपाचं नाही. टायरची कड रिमच्या खाचेत बसायला एकदम भसकन हवा लागते, म्हणजे कॉम्प्रेसर आला. काकांकडं तो आहे, पण त्याचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं आणि माझा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा. मध्ये करंगळीच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर लागतो. गावात तो मिळत नाही, मागवावा लागतो, आणि हरवायला मात्र खिशातलं एक भोक पुरतं. हवा सुरू झाली, टायर फुगला, आणि फट्! फट्! असे दोन आवाज आले. काका चार पावलं मागं सरले. कडा जागेवर बसल्याची ती खूण आहे हे त्यांना पटेपर्यंत समोरच्या टपरीवरची मंडळी चहा सोडून आली होती.

मग व्हॉल्व्हमधून ते पांढरं दूध आत ओतायचं. सीलंट म्हणतात त्याला. रबराचा चीक आणि त्यात बारीक कण, बहुतेकांना अमोनियाचा झणका. एका चाकाला शंभर-एकशेवीस मिली. काटा घुसला की हवा बाहेर धावते, तिच्यासोबत हे दूध भोकापर्यंत येतं, बाहेरची हवा लागताच चीक थिजतो आणि भोक बुजतं. पाव इंचापर्यंतचं भोक भरतं असा बाटल्यांवर दावा असतो. आमचा बाभळीचा काटा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्यासाठी हे काम किरकोळच.

हे प्रत्यक्ष बघायला मजा येते. टेकडीच्या उतारावर मागच्या चाकातून टिक-टिक-टिक असा आवाज येऊ लागतो. थांबून बघावं तर बोटाच्या पेराएवढा काटा टायरात रुतलेला, बाहेर राहिलेलं देठ दर फेऱ्याला सायकलीच्या दांडीवर टिचकी मारतंय. बुडाशी पांढरा थेंब येतो. फुगतो, फुटतो, परत फुगतो, मग घट्ट होतो आणि वर धूळ बसून काळा पडतो. काटा मोठा असेल तर उपटायचा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवून ठेवायचं. बारका असेल तर त्याला हातच लावायचा नाही. बाहेरचं देठ दोन दिवसांत झिजून जातं आणि आतलं टोक आतच राहतं. हे पुढं लक्षात ठेवा, कारण त्याचाच घोळ होतो.

काट्यांपेक्षाही मला त्यातली नरम हवा आवडली. ट्यूब असताना पस्तीस-चाळीस पीएसआय भरावे लागत. कमी भरले तर दगडावर टायर दबून ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटायची आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं. ट्यूबच नाही म्हटल्यावर चिमटणार काय? माझ्या वजनाला पुढं बावीस, मागं पंचवीस पुरतात. तेवढ्यात टायर खड्यांवरून टणाटण उडत नाही, त्यांना अंगाखाली घेऊन जातो. मुरमाच्या वळणावर पुढचं चाक सुटत नाही, आणि दोन तासांनी मनगटं आपली वाटतात. अर्थात फार लोभ नको. त्याहून कमी हवेत जोराचं वळण घेतलं तर टायरची कड क्षणभर रिमपासून सुटते आणि ढेकर दिल्यासारखी हवा जाते. वजन वाचतं म्हणतात, तेही जेमतेम: दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमची ट्यूब गेली आणि शंभर-सव्वाशे ग्रॅमचं दूध आलं.

आता आमच्या उन्हाकडं येऊ. सीलंट दोन ते सहा महिने टिकतं असं सर्वसाधारण गणित; हवामान गरम आणि कोरडं असेल तर कमीकडचा आकडा धरायचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, सायकल टिनाच्या शेडमध्ये, आणि आतलं पाणी उडून जातं. बाहेरून काही कळत नाही. टायर टणक असतो, तुम्ही निर्धास्त असता आणि आत संरक्षण संपलेलं असतं. चाक काढून कानाशी हलवायचं. डुचमळलं तर ठीक, नाहीतर बाटली काढा. ऐन उन्हाळ्यात मी दर महिन्याला कानोसा घेतो. सायकलही आता शेडऐवजी धान्याच्या खोलीत ठेवतो, त्यावरून घरात जे ऐकावं लागतं ते वेगळं.

हंगाम संपल्यावर टायर उघडून बघावा. आतून चिकाची साय धरलेली असते, आणि त्या सायीतून काट्यांची टोकं वर आलेली. बाभळीची, सराट्याची, एखादी ओळखू न येणारी. एवढं सगळं आत असताना एकदाही थांबावं लागलं नव्हतं.

आणि घोळ तो हाच. चिकाचा उपाय भोकावर आहे, चिरेवर नाही. परतवाड्याकडच्या एका मित्राच्या टायरची बगल चिखलदऱ्याच्या पायथ्याशी धारदार दगडानं बोटभर फाटली. दूध सगळं रस्त्यावर. शहाण्या माणसासारखी त्याच्याकडं ट्यूब होती. फाटलेल्या जागी आतून जाड कागदाची घडी लावून त्यानं ट्यूब घातली, हवा भरली आणि शंभर पावलांत ती बसली. दुसरी घातली, तीही बसली. टायरात वर्षभराचे काटे शाबूत होते. चिकानं ते निभावले, ट्यूब कशी निभावणार? अशा वेळी टायर उलटा करून, आतून तळवा सावकाश फिरवत एकेक टोक चिमट्यानं काढायचं असतं. दुपारच्या उन्हात, हात दुधानं बरबटलेले असताना, हे धीराचं काम आहे. तो शेवटी दुधाच्या गाडीत बसून घरी आला. गाडीवाल्यानं त्याच्या अंगावरचे पांढरे डाग बघून काय विचारलं असेल ते सांगायला नको.

पंक्चर झाल्यानं माणूस थांबतो, झाडाखाली बसतो, अनोळखी शेतकरी पाणी देतो, चार गोष्टी होतात, असं प्रेमानं बोलणारे लोक मला भेटतात. त्यांनी वैशाखात, सावलीला बाभूळच असलेल्या पांदणीत, सायकल खांद्यावर घेऊन दोन कोस चालून बघावं. शेतकऱ्याला भेटायचंच असेल तर हवा भरलेल्या चाकावर जाऊनही भेटता येतं. उलट तो कामात असला तर तुमच्या पंक्चरपायी त्याचा खोळंबा होत नाही.

मात्र सगळ्यांनी ट्यूबलेस करावं असं मी म्हणणार नाही. शाळेत जायच्या, बाजाराच्या, दूध घालायच्या सायकलीला त्याचा काही उपयोग नाही. त्या सायकलीला वॉलट्यूबचा इंचभर तुकडा आणि काकांचं ठिगळ पुरतं, आणि तेही कुठल्याही गावात पाच मिनिटांत. ट्यूबलेसचा टेप, व्हॉल्व्ह आणि दूध हे सगळं कुरिअरनं येतं, आणि कुरिअर मोर्शीला थांबतं, गावात येत नाही. रिम आणि टायर त्या जातीचे नसतील तर जुगाड होतो. लहान मापाची ट्यूब उभी चिरून रिमवर पसरतात आणि तिच्या कडा टायरबाहेर काढून कापतात. मी तसे टायर महिनोन् महिने चाललेले बघितले आहेत, पण दगडाच्या उतारावर मी स्वतः त्यांच्यावर बसणार नाही. ज्याला काट्याकुट्यातच जायचंय आणि महिन्याकाठी चाकाशी अर्धा तास बसायचा कंटाळा नाही, त्यानं मात्र ट्यूबवर पैसे घालवू नयेत. पिशवीत एक ट्यूब आणि भुवयांचा चिमटा ठेवावा. चिमटा घरातून विचारून घ्यावा.

काकांचं मत आता थोडं मवाळ झालं आहे. परवा त्यांनी बाटली उलटीपालटी करून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "हे आमच्या बंडीच्या टायरात टाकलं तं चालन काय? कुपाटीच्या दिवसात लय काटे भरतात."

चालेल, म्हटलं, पण एका चाकालाच ही अख्खी बाटली जाईल. काकांनी किंमत विचारली. मी सांगितली. त्यांनी बूच घट्ट लावून बाटली माझ्या हातात दिली.

"रायू द्या, भाऊ. बैलायले काई घाई नाही."